दर्भाचा कावळा

"मेल्या माणसाला विचारायचं कशाला, बाबा?"

डॉक्टर श्रीरंग खटावकरांनी हे विचारलं, तेव्हा त्यांच्या डोक्याचा ताजा गोटा उन्हात चकाकत होता. अंगाला ओला पंचा चिकटलेला. बायकोचा दहावा होता त्या दिवशी.

गिरीबाबा तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांचा मठ म्हणजे घाटाच्या वरच्या पायरीला एक खोली आणि पुढं उंबराचा पार. घाटावर रडून दमलेला माणूस पारावर येऊन टेकतो. बाबा त्याच्यापुढं शेंगांची पाटी सरकवतात. माणूस रडत रडत सोलतो. सगळ्या पंचक्रोशीच्या दुःखावर बाबांची आमटी शिजते, असं म्हटलं तरी चालेल.

डॉक्टरांनी मात्र शेंगेला हात लावला नाही. मोठे डॉक्टर ते, शहरातले, किडनीचे. मेलेल्याची किडनी काढायची नि जित्याला बसवायची, हे त्यांचं काम. सरकारनं नेमलेल्या कुठल्याशा समितीवरही होते. गाव मूळचं हेच, म्हणून दहावा इथं.

"कायदा व्हायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "ज्यानं जिवंतपणी नको म्हणून सांगितलं नाही, त्याचं सगळं घ्यायचं. डोळे, किडनी, हृदय. घरच्यांना विचारत बसायचं नाही. नाहीतरी राखच होते ना?"

"व्हतीया की."

"मग?"

"आनि जो काहीच बोलला न्हाई?"

"गप्प बसला म्हणजे हो."

"बरं," बाबा म्हणाले.

बाबा 'बरं' म्हणाले की माणसानं सावध व्हावं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा सावध होतं. पण डॉक्टर पडले शिकलेले.

"तुम्ही एकदा लोकांना सांगा, बाबा. डोळे दिले की पुढच्या जन्मी आंधळा जन्मतो म्हणतात. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

"फुडच्या जल्माचं मला काय ठावं, लेका? मला ह्याच जल्मात धड दिसंना."

खाली घाटावर भाताचा पिंड मांडलेला होता. सगळं गणगोत हात जोडून आभाळाकडं बघत होतं. कावळा शिवला की सुटलो, घरी जाऊन जेवायचं. पण कावळाच नव्हता. झाडावर नाही, तारेवर नाही. पोटात कावळे कोकलत होते तेवढेच.

डॉक्टरांनी चष्मा काढून पारावर ठेवला. पंच्याचं टोक डोळ्यांना लावून बसले. बराच वेळ तसेच...

बाबांनी चष्मा उचलला आणि स्वतःच्या नाकावर चढवला. उठून घाटाकडं बघायला लागले.

"आरं वा! त्यो पल्याडचा बैल बी दिसाय लागला."

डॉक्टर पारावर चाचपडायला लागले. "बाबा... माझा चष्मा?"

"घेतला की."

"अहो, विचारायचं तरी!"

"तू कुटं नको म्हनलास?"

डॉक्टर हसले नाहीत. चिडलेही नाहीत. बिनचष्म्याचे डोळे बारीक करून बाबांकडं बघत राहिले.

"गंमत वेगळी, बाबा. तुम्हाला माहीत नाही तिथं काय असतं. ज्याचं माणूस आत पडलंय, त्याला आम्ही बाहेर जाऊन विचारतो. त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही हो. आणि तेवढ्यात वेळ निघून जाते. त्याला काय म्हणून विचारायचं?"

"कुनाला?"

"त्या... नातेवाइकाला."

"कुनाला, डाक्टर?"



तेवढ्यात घाटावरून गुरुजींची हाक आली. "डॉक्टरसाहेब, खाली या! ताईंच्या मनात काहीतरी राहिलंय. तुम्ही बोला, तुमचं ऐकतील!"

बाबांनी चष्मा डॉक्टरांच्या हातात दिला. दोघं पायऱ्या उतरले.

आता पुढची गंमत बघा. हा माणूस लग्नातसुद्धा अक्षता टाकल्या की घड्याळ बघणारा, देवापुढं कधी हात जोडलेला नाही. तो हात जोडून रिकाम्या आभाळाशी बोलायला लागला.

"तुळशीला पाणी घाल म्हण," थोरले भाऊ आप्पा कानात सांगत होते.

"तुळशीला रोज पाणी घालीन, मृदुला."

कावळा नाही.

"तिची पेटी विकणार नाही म्हणा," मेव्हणी कुमुदताई म्हणाली. मृदुला तिची धाकटी बहीण.

"पेटी विकणार नाही. शिकीनसुद्धा."

कावळा नाही. त्यांचा सूर आधी ऐकला असेल बिचाऱ्या कावळ्यांनी.

कुमुदताईला राहवलं नाही. "मी सांगते तिच्या मनात काय होतं ते. श्रीरंगराव, तिचे डोळे तरी द्यायचे होते! एवढी द्यायला बसलेली बाई ती. दारी आलेल्याला हातातली भाकरी काढून दिली असती तिनं."

"काहीतरीच बोलू नकोस," आप्पा उसळले. "तिला साधी सुई टोचलेली चालत नव्हती. फाडाफाडी चालली असती होय?"

"तुम्हाला काय माहीत, आप्पा? माझी बहीण होती!"

"आमच्या घरात पंचवीस वर्षं नांदली ती!"

अशी जुंपली दोघांची. पिंडाशी, ओल्या अंगानं. जो तो मृदुलेच्या वतीनं बोलत होता. तेवढी मृदुलाच बोलायची राहिली होती.

शेवटी दोघं एकदमच डॉक्टरांकडं वळले. "तुम्हीच सांगा की," कुमुदताई म्हणाली. "नवरा आहात तुम्ही. तिला पाहिजे होतं का नको होतं?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं...

मिटलं.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांना दुपारी दुसरीकडं तेराव्याला जायचं होतं. पिशवीतून चार काड्या दर्भ काढला, मधोमध गाठ मारली, दोन पंख ओढले, चोच वळवली. झाला कावळा. कावळे आलेच नाहीत तर असा गवताचा करून पिंडाला लावायचा, ही चालच आहे.

"ह्याचं एक बरं असतं," गुरुजी म्हणाले. "हा कधी नाही म्हणत नाही."

वाकून ते पिंडाला लावणार, तोच डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा."

"का हो? शास्त्रात आहे."

"ते तिचं 'हो' नव्हे."

"कुणाचं?"

"गुरुजी, गवत आहे ते! ते नाही कसं म्हणेल?"

एवढं बोलले आणि त्यांचा रंगच उडाला. हात गुरुजींच्या मनगटावर तसाच. मग तो सुटला, आणि डॉक्टर ओल्या पायरीवर मटकन खाली बसले.



बाबा त्यांच्या शेजारी बसले. पाय पाण्यात सोडले.

"डोक्यात रक्तस्राव झाला होता," डॉक्टर सांगायला लागले. पाण्याकडं बघून. "मेंदू मेला होता. श्वास यंत्रावर. पण हात गरम होता, बाबा. नखांना तिनं सकाळीच रंग लावलेला. मग आमच्याकडची ती मुलगी आली, घरच्यांना विचारायचं काम करते ती. माझ्याच हाताखाली तयार झालेली. समोर बसली, मला पाणी दिलं. म्हणाली, सर, मृदुलाताई याबद्दल कधी काही बोलल्या होत्या का?"

"मंग?"

"हा प्रश्न मीच शिकवलाय तिला. असाच विचारायचा, हळू. आधी पाणी द्यायचं."

"मंग?"

"मी म्हणालो... उद्या सांगतो."

"आनि?"

"पहाटे हृदय थांबलं."

पाण्यात एक पान गरगरत आलं, बाबांच्या पायाला अडलं, सुटून पुढं गेलं.

"माझी एक पेशंट होती. शाळेत चित्रकला शिकवायची. किडनीची वाट बघत होती. तिला मिळालीही असती कदाचित, नसतीही. परवा ती गेली. तिच्या नवऱ्यानं मला फोन केला, बाबा. म्हणाला, डॉक्टर, तुमच्या घरचंही कळलं, फार वाईट झालं. तो माझं सांत्वन करत होता."

आप्पांनी तोंड फिरवलं. कुमुदताईनं पदर तोंडात धरला.

"म्हणून म्हणतो, कायदा करा. मला कुणी विचारलंच नसतं, तर..."

"तर तू सुटला असतास."

"हो."

"तिचं मन गावलं असतं का तुला?"



डॉक्टर हळूच म्हणाले, "गावोगाव भाषणं केली मी. अवयव द्या, घरात बोला, एकमेकांना सांगून ठेवा. ती पहिल्या रांगेत बसायची. टाळ्या वाजवायची. घरी परतताना गाडीत दोघंच असायचो. रस्ता लांबचा. भाजी काय करायची तेसुद्धा बोलायचो. पण तुझं काय गं, असं... नाही विचारलं. मला वाटलं, टाळ्या वाजवते म्हणजे..."



गुरुजी दर्भाचा कावळा हातात धरून ताटकळत उभे. घड्याळ बघायचंही विसरले होते.

"बाबा," डॉक्टरांनी विचारलं, "ती रुसलीय का माझ्यावर?"

"कशावरनं?"

"एकही कावळा नाही."

"पल्याड भंडारा हाय आज. बुंदी पडलीया पत्रावळीवर. कावळं समदं तिकडं गेल्यात."

कुमुदताईला अशा वेळी हसू फुटलं. हसता हसता ती मोठ्यानं रडायलाच लागली. आप्पांनी तिला आपल्या खांद्यावरचा कोरडा पंचा दिला.

डॉक्टरांनी पलीकडच्या काठाकडं बघितलं. खरंच काळं काळं काहीतरी उतरत होतं तिकडं, उठत होतं, पुन्हा उतरत होतं.

"म्हणजे ह्याचा अर्थ काहीच नाही?"

"कावळ्याला भूक लागल्याली, एवढा अर्थ."

"मग तिच्या मनात काय होतं?"

बाबांनी पाण्यातून पाय काढले.

"बाबा, तिच्या मनात होतं तरी काय?"

बाबांनी हात पुढं केला. गुरुजींनी दर्भाचा कावळा त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो डॉक्टरांच्या ओंजळीत ठेवला.

"टेकव."

"हा खोटा आहे."

"खोटाच हाय. आता एवढाच ऱ्हायलाय."

डॉक्टर उठले. पिंडापाशी वाकले. हात एवढा थरथरत होता, की गवताचे पंख हलले. बघणाऱ्याला वाटावं, जिवंतच आहे. चोच भाताला लागली. दोन शितं चिकटून वर आली.

"शिवला हो, शिवला," गुरुजी म्हणाले. पण हळू. एरवी ओरडतात ते.

माणसं पायऱ्या चढायला लागली. ओले पाय वाजत होते. जेवायची घाई मघाशी सगळ्यांना होती, आता कुणालाच दिसत नव्हती.

बाबाही गुडघ्यावर हात टेकत वर चालले होते. डॉक्टरांनी खालून हाक मारली.

"बाबा, समितीची बैठक आहे सोमवारी. मी काय सांगू त्यांना? विचारायचं का नाही विचारायचं?"

बाबा थांबले. वळले.

"डाक्टर, घरी आता कोन कोन जितं हाय? त्यास्नी इचारलंस का?"