आसनाएवढी जागा

"बुवा, सगळा सडा फुललाय. मग माझ्याच जागेवर का नाही?"

त्रिंबक तावातावाने विचारत होता. धाकोजीबुवा खोपटाच्या दारात बसून पेज पीत होते.

भादवा चालू होता. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा मैलभर उघडा कातळ, माती नावालाच. पण पावसात निळ्या फुलांनी भरून जायचा. गावातले लोक त्यांना सीतेची आसवं म्हणतात. त्या निळाईच्या मधोमध आसनाएवढा एक तुकडा बोडका होता. त्रिंबक तीन वर्षं तिथे साधनेला बसत होता.

"रोज आठ तास बसतो मी! त्याचं हे फळ?"

बुवा उठले, त्या जागेशी उकिडवे बसले, बोट फिरवून पाहिलं.

"ही जागा घासलीस काय रे?"

"घासणार नाही तर! नुसती काळी खपली धरली होती. दर चैत्रात नारळाच्या सोडणाने घासतो. खाचासुद्धा विळ्याने कोरून काढतो."

शिष्य भारी टापटिपीचा. त्याला त्याचा अभिमानही होता.

बुवांनी शेजारच्या फुलांखालची ओली खपली चिमटीत धरून त्याच्या तळहातावर ठेवली. तिच्यात केसाएवढी मुळं होती.

"हीच ती. उन्हात मेल्यासारखी दिसते. मेलेली नसते."



"परवा कोण आला होता?" बुवांनी विचारलं.

"भाऊ. आई अंथरुणाला खिळलीय, माझं नाव घेते म्हणाला. मी डोळे उघडले नाहीत. तासभर पावसात उभा राहिला, मग गेला." तो थांबला. "मनात काही हललं नाही, बुवा. अगदी काहीच नाही."

हे सांगताना त्याचा आवाज ताठ होता. मग तो ताठा गेला.

"बरं वाटायला हवं होतं ना? पण आत नुसतं ओसाड झालंय. भीती वाटते."

"आईचा आवाज कसा हाय?"

त्रिंबकाने तोंड उघडलं...

आठवेना. ती त्याला कशी हाक मारायची, तेही आठवेना.

बुवा खोपटात गेले आणि आपलं इरलं घेऊन आले. पाऊस पुन्हा लागला होता. त्यांनी ते त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि गावाच्या पायवाटेकडे बोट दाखवलं.

त्रिंबक हलला नाही. त्याला रागच आला.

"तुम्हीही घरदार सोडूनच आलात ना? तीस वर्षं इथे एकटे आहात. तुम्ही कुठे परत गेलात?"

बुवा पावसात भिजतच म्हणाले,

"मला न्यायला कोण आला नाय."