नकुसाचा दगड

तळ्यात पुढे आलेला हा काळा दगड पाहायला तुम्ही आलात, बरं केलंत. पण वर चढणार असाल तर चप्पल खाली काढा. देवाचा दगड म्हणून नव्हे. देव तिकडे देवळात आहे आणि या गोष्टीत त्याने काहीही केलेलं नाही.

आमच्या करंजदऱ्यात मुलाचं बारसं घरात होतं, जसं सगळीकडे होतं. मुलगी झाली की तिचा बाप आधी या दगडावर उभा राहतो. पागोटं, टोपी, जे काही डोक्यावर असेल ते काढून, अनवाणी. समोरच्या कड्याकडे तोंड करून तो लेकीचं नाव मोठ्याने घेतो. कडा ते नाव परत देतो. मग या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बायका म्हणतात, "ऐकलं." तेवढं झाल्यावरच घरी पाळणा हलतो. बायका गप्प राहिल्या तर नाव पडलं नाही असं समजायचं.

ही रीत कशी पडली ते सांगते. तीस वर्षं मी इथे बालवाडी चालवली, म्हणून लोक पाहुण्यांना माझ्याकडे धाडतात. पण आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट मला शांतपणे सांगता येत नाही.

फार जुनी गोष्ट आहे. गावची पाटीलकी तेव्हा हैबती नावाच्या माणसाकडे होती असे सांगतात. त्याच्या आधी त्याच्या आईला, कृष्णाईला, तीन मुली झाल्या होत्या. पहिल्या दोघींची नावं चांगली ठेवली. तिसरीही मुलगीच झाली तेव्हा चावडीवरच्या शहाण्यांनी सल्ला दिला, हिचं नाव नकुसा ठेवा, म्हणजे देवाला कळेल की आता पुरे. नकुसा म्हणजे नको असलेली. नाव ठेवलं आणि दीड वर्षाने तिच्या पाठीवर हैबती जन्माला आला. झालं! नाव लागू पडलं म्हणून साऱ्या गावाने माना डोलावल्या. त्या पोरीला जन्मभर त्याच नावाने हाक मारली जाणार आहे, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. थोरल्या दोघी पुढे पटकीच्या साथीत गेल्या. राहिली ती नको असलेली.

नकुसाचं लग्न झालं, ती दोन कोसांवरच्या गावी नांदायला गेली. इकडे हैबतीचं लग्न झालं. त्याच्या बायकोचं नाव भागीरथी. तिला एकामागोमाग तीन मुली झाल्या आणि तिन्ही बारशांना नकुसा माहेरी आली. भाचीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आमच्या गावात तर तेव्हा असं मानत की सख्ख्या आत्यानेच नाव घेतलं पाहिजे, नाहीतर घराचं सोयर, म्हणजे जन्माचा विटाळ, फिटत नाही. तिन्ही वेळा तिने वाळे आणले, कुंची आणली, चांगली नावं घेतली, पाठीत बायकांचे गुद्दे हसत हसत खाल्ले आणि परत गेली.

चौथीही मुलगीच झाली. चैत्र लागला होता, बारशापासून आठवड्यावर गावची जत्रा होती.

बारशाला घर बायकांनी भरलं होतं. घुगऱ्या शिजल्या होत्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत पोरीला पाळण्याखालून-वरून फिरवून झालं. नकुसाने स्वतः शिवलेली कुंची तिला घातली, पाळण्यावर वाकली आणि नेहमीप्रमाणे आईला विचारलं, "काय नाव घेऊ?"

कृष्णाई म्हणाली, "नकुसा."

नकुसाला आधी वाटलं आई आपल्याला हाक मारते आहे. ती "काय गं?" म्हणाली. तेव्हा म्हातारीने पाळण्याकडे बोट केलं.

"तिचं. चावडीवर ठरलंय. तुझ्या नावानं तुझ्या पाठीवर भाऊ आला. तिच्या नावानं तिच्या पाठीवरबी येईल."

नकुसा सरळ उभी राहिली. तिने आईला विचारलं, "आई, मला हाक मारताना तुला कधी काई वाटलं न्हाई?"

कृष्णाईने थोडा विचार केला म्हणे. मग म्हणाली, "सवय झाली."

मला त्या म्हातारीचा जेवढा राग येतो तेवढा हैबतीचाही येत नाही. पुष्कळजण म्हणतात, तो काळच तसा होता. काळ काय पाळण्यावर वाकून नाव सांगत होता? आईच सांगत होती, आणि तीसुद्धा घुगऱ्यांचं पातेलं मांडीशी घेऊन.

"ह्या तोंडातनं ते नाव जायचं न्हाई," नकुसा म्हणाली. ती तशीच वळली, मागच्या दाराने निघाली आणि इथे येऊन या दगडावर बसली.

आता बाहेरची माणसं तुम्हाला सांगतील, देवळासमोरचा नारळवालाही सांगेल, की तिने इथून तळ्यात उडी घेतली, पाणी सात दिवस हळदीसारखं पिवळं झालं आणि ती देवी झाली. साफ खोटं आहे. बाई जिवंत राहून भांडली हे आपल्या लोकांना पचत नाही. तिला आधी बुडवायची, मग तिला साडीचोळी वाहायची, म्हणजे तिचं म्हणणं ऐकायला नको. नकुसाने उडी मारली नाही. ती बसली. सासरहून तिचा नवरा भाकरी घेऊन आला तेव्हा तिने भाकरी खाल्ली, त्यालाही खायला घातली आणि ऊन चढायच्या आत घरी जा म्हणून सांगितलं.

पहिले दोन दिवस गाव हसलं. तिसऱ्या दिवशी हसू मावळलं, कारण जत्रेत पालखीला पहिला खांदा पाटलाचा आणि सोयर फिटल्याशिवाय पाटलाला पालखीला शिवता येईना. मग घाई सुरू झाली. हैबतीची एक चुलत बहीण होती, सख्खी अडली तर चुलत चालेल म्हणून तिला बोलावून आणलं. ती पाळण्यावर वाकली, तशी भागीरथीने दोन्ही तळहातांनी पोरीचे कान झाकून धरले. सासूने हात ओढले, चुलत नणंदेने बोटं सोडवून पाहिली. भागीरथी काही बोलली नाही. चार बाळंतपणांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे बोलायची सवय तिलाही नव्हती. पण हात तिने काढले नाहीत, आणि चुलत बहीण घाबरून निघून गेली.

मग चावडीवरची मंडळी या पायऱ्यांवर आली. पुढे हैबती. त्याने बहिणीला समजावलं, मग दरडावलं. माहेर तुटेल म्हणाला. दिवाळीला मूळ यायचं नाही, चोळीबांगडी बंद होईल, मेलीस तरी माहेरचं लुगडं पडायचं नाही म्हणाला. एका म्हाताऱ्याने मध्येच तोंड घातलं, "अगं, नावात काय असतंय एवढं?"

"काई नसतंय तर माझं तू घे की," नकुसा म्हणाली. "उद्यापासनं तुला नकुसा म्हनू."

म्हातारा मागे सरकला.

मग ती हैबतीला म्हणाली, "तुला हेच नाव पायजे न्हवं? मग तू घे. चावडीवर तुम्ही ठरवायचं आन् पोरीच्या कानात सांगायचं पाप आम्ही करायचं, हे बंद. तेबी कानात न्हाई. ह्या दगडावर हुबा ऱ्हा आन् समद्या गावाला ऐकू जाईल असं सांग, ही माझी लेक, हिचं नाव नकुसा. तू तेवढं म्हन, मी जाऊन तिच्या कानात सांगते आन् सासरी जाते."

"एवढंच?" हैबती म्हणाला. सगळे पुरुष हसले. फार सोपं काम होतं त्यांच्या मते. उद्या सकाळी नाव, परवा जत्रा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव इथे लोटलं. जत्रेची दुकानं मांडायला आलेले परगावचे लोकही आले. भागीरथी बारा दिवसांची, नव्हे, तोवर अठरा दिवसांची झालेली बाळंतीण, पोर घेऊन सर्वांत खालच्या पायरीवर उभी राहिली. तिच्या पदराला धरून तिघी थोरल्या. नकुसा दगडावरून खाली उतरली आणि त्यांच्याजवळ जाऊन थांबली.

हैबती दगडावर चढला. छाती भरून ओरडला, "ही माझी लेक!"

कडा म्हणाला, माझी लेक.

"हिचं नाव!"

हिचं नाव, असं कड्यातून परत आलं. आणि हैबती थांबला.

इथेही सांगणारे भर घालतात. देवीने त्याची जीभ धरली म्हणतात, घशात खडा आला म्हणतात. असलं काही झालं नाही. झालं ते इतकंच की ते नाव त्याने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. नकुसा त्याच्याहून मोठी. तो तिला लहानपणापासून आक्का म्हणत आला होता. आईबाप, गाव, सासरचे, सगळे तिला त्या नावाने हाक मारत होते. ज्याच्यासाठी ते नाव ठेवलं होतं त्या एकट्याला ते कधी घ्यावं लागलं नव्हतं. आता घ्यायचं होतं. समोर ती उभी होती आणि तिच्याशेजारी त्याची लेक होती.

त्याने तीनदा तोंड उघडलं असे सांगतात. चावडीवरचे पायरीवरून म्हणू लागले, पाटील, म्हणून टाका, उशीर होतोय. शेवटी हैबतीने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "या, तुम्ही म्हना." एकही पुढे आला नाही. तोंडात दात असलेले आणि नसलेले, सगळे खाली बघत राहिले.

मग त्याने भागीरथीला विचारलं, सगळ्या गावासमोर, "काय नाव ठेवायचं हिचं?"

भागीरथीला काही क्षण खरंच कळलं नाही की विचारतोय तो आपल्याला. कळल्यावर मात्र ती अडखळली नाही. नाव तिच्याकडे तयार होतं, गर्भारपणापासून.

"मैना," ती म्हणाली.

"हिचं नाव मैना!" हैबती ओरडला. कड्याने मैना म्हटलं. पायऱ्यांवर कुणी बोलेना, तेव्हा नकुसा म्हणाली, "ऐकलं." मग एकेक करत सगळ्या बायका म्हणाल्या.

घरी जाऊन तिने भाचीच्या कानात मैना सांगितलं. सोयर फिटलं, पालखी उठली. आणि जत्रेच्या दिवशी हैबती बहिणीपुढे आला. डोळे भरले होते म्हणे त्याचे. भरलेले असतील. तो म्हणाला, "आक्का, तुझंबी नाव बदलू. आजच्या आज. तू म्हनशील ते ठेवू."

"माझं ऱ्हाऊ दे," नकुसा म्हणाली. "पन आजपासनं मला आक्का म्हनायचं न्हाई. नावानं हाक मारायची."

त्याने पुष्कळ विनवण्या केल्या. ती बधली नाही. नवरा गेल्यावर ती माहेरी येऊन राहिली आणि म्हातारी होऊन मेली. तेवढी सगळी वर्षं हैबतीला रोज तिला जेवायला बोलवायचं असे, औषधपाण्याचं विचारायचं असे, आणि दर वेळी तोंडातून ते नाव काढावं लागे. आक्का म्हटलं तर ती वळून पाहत नसे. गावात मुलगी झाली की ती त्या बापाला धरून इथे आणी. चांगलीच तोंडाळ होती असे सांगतात. असायलाच हवी होती.

हैबतीला पुढे मुलगा झाला का, हे प्रत्येक पाहुणा विचारतो. तुम्हीही आता तोंड उघडलंच होतं. मला उत्तर माहीत आहे आणि मी ते कुणालाही सांगत नाही.

आजही आमच्या गावात नकुसा नावाची मुलगी नाही. तरीही ते नाव गावात रोज कुणी ना कुणी घेतं, कारण दगडाला दुसरं नाव नाही आणि आम्ही देऊ देत नाही. आणि आजही दगडावर उभ्या राहिलेल्या बापाला लेकीच्या नावाआधी म्हणावं लागतं, "नकुसाच्या दगडावरून सांगतो." आधी ते, मग लेकीचं.

गेल्या महिन्यात माझा स्वतःचा मुलगा चढला होता. त्याची दुसरी मुलगी. दवाखान्यातून फोन केला तेव्हा त्याने मला वजन सांगितलं नाही, सून कशी आहे ते सांगितलं नाही, नुसतं म्हणाला, "आई, पुन्हा मुलगीच." बारशाला शहरातून आला, चप्पल काढली, वर गेला आणि ते पहिलं वाक्य तोंडातल्या तोंडात उरकून टाकलं.

मी या पायरीवर, सर्वांत पुढे होते. मला ऐकू आलं होतं. आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलं नाही," मी म्हटलं.

त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मी म्हटलं, ऐकलं नाही. सातव्या वेळेला त्याचा आवाज फुटला आणि तो रडत रडत ओरडला. कड्याने ते नाव लख्ख परत दिलं. तेव्हा कुठे मी म्हटलं, "आता लेकीचं सांग."