रावसाहेबांच्या केबिनमधली महागडी ड्राइव्ह

आमच्या वाचनालयातला जुना कॉम्प्युटर सुरू झाला की आतली हार्ड डिस्क पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची. बटण दाबून ग्रंथपाल टिळेकरबाई सगळे पेपर काठ्यांना अडकवून यायच्या, तरी पडदा काळाच! ती घरघर मला अजून ऐकू येते.

एका वर्षी देणगीत हार्ड डिस्कच्या जागी बसवायच्या दोन नव्या, वेगवान एसएसडी ड्राइव्ह आल्या, एक महागडी आणि एक स्वस्त. अध्यक्ष रावसाहेब इंगवल्यांनी फर्मावलं, "महागडी माझ्या केबिनमधल्या कॉम्प्युटरला. खुर्ची मोठी, तर वेगही मोठा हवा!"

बाईंचा चेहरा पडला. जुने दिवाळी अंक हातात तुटायला लागले होते आणि त्यांची हजारो पानं स्कॅन करून त्या साठवत होत्या.

ड्राइव्ह बसवायला आले होते मुजावरचाचा. गावातले रेडिओ एकेकाळी त्यांनीच दुरुस्त केलेले. हाताला कायम सोल्डरिंगचा वास. ते म्हणाले, "साहेब, स्वस्त ड्राइव्हवर तुम्हा दोघांचं एकेका दिवसाचं काम टाकून बघू. ज्याच्या कामानं ती दमेल, त्याला महागडी."

"बघाच!" रावसाहेब म्हणाले.

आधी बाईंची पानं. पहिली हजारभर भराभर गेली, मग ड्राइव्ह बैलगाडीच्या चालीवर आली. नंतर रावसाहेबांचं काम: अभिनंदनाचं एक पत्र आणि पत्त्यांचा एक डाव. बोट उचलायच्या आत दोन्ही हजर.

"म्हणजे मला स्वस्तातली?" रावसाहेब तडकले.

चाचा स्क्रू आवळत अदबीनं म्हणाले, "काय करणार, साहेब? तुमच्या कामानं दमेल अशी ड्राइव्ह अजून कुणी बनवलेलीच नाही."