हौसाबाईंची नळी

“...पण नळीत पुन्हा जंतू शिरू नयेत म्हणून औषध कोणतं द्यायचं, बाई?”

दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर असलेल्या मोठ्या बाईंनी केसपेपरवरून मान वर केली. “साबण.”

आल्हादला हसू आलं. परदेशात शिकून तो गडहिंग्लजजवळच्या या धर्मादाय दवाखान्यात, बाईंच्या हाताखाली काम करायला आला होता. साबण शिकायला नव्हे.

“थट्टा नको, बाई. हौसाबाईंच्या जिवाचा प्रश्न आहे.”

प्रश्न खराच होता. हौसाबाईंच्या आतड्याला भोक पडलं होतं. ते भरून येईपर्यंत पोटाला पूर्ण विश्रांती हवी. तोंडानं घोटभर चहासुद्धा नाही. सगळं अन्न गळ्याखालच्या शिरेत घातलेल्या नळीतून, थेंब थेंब.

पहिल्या नळीत जंतू शिरले आणि हौसाबाई तापानं कुडकुडल्या. नळी काढली, औषधं दिली, ताप उतरला. मग दुसऱ्या बाजूला नवी नळी घातली. आता हीसुद्धा बिघडली, तर घालायला चांगली शीर उरली नव्हती.

“साबण,” बाई पुन्हा म्हणाल्या. “जा, हात धुऊन ये.”

आल्हादनं मन लावून हात धुतले, अगदी नखांच्या कडांपर्यंत. आणि येताना खाटेचा पडदा सरकवला.

“पुन्हा.”

“का?”

“पडद्याला विचार.”

खाटेवर हौसाबाई खुदकन हसल्या.

तो गेला, धुऊन आला. या वेळी पडदा कोपरानं ढकलला. ऐटीत उभा राहिला. चष्मा घसरला होता, तो बोटानं वर केला.

“पुन्हा.”

“बाई, मी सर्जन आहे!”

“म्हणूनच.”

“जावा की डॉक्टर,” हौसाबाई म्हणाल्या. “माझी भाकरी त्याच नळीतनं येतीया. हात धुऊन वाढा.”

पुन्हा धुऊन आला, तेव्हा मात्र बाईंना खोट काढता येईना. आल्हादनं विजयी मुद्रेनं हातमोजे चढवले. सिरिंज घेतली. नळीचं टोपण स्पिरिटनं पुसलं...

“थांब. काय करतोयस?”

“तपासणीला रक्त हवंय.”

“मग दंडातून घे.”

“त्यांचे दंड बघा ना, बाई. टोचून टोचून काळेनिळे झालेत. नळीतून घेतलं की टोचावं लागत नाही.”

“आधीच्या नळीतूनही असंच घ्यायचास?”

“रोज.” आल्हादचा आवाज मऊ झाला. “फार दया यायची हो त्यांची.”

“रोज दार उघडायचास.”

“हो.”

“आणि दार उघडलं की कोण कोण आत येतं?”

आल्हादनं हातातल्या सिरिंजकडे पाहिलं, मग हौसाबाईंच्या गळ्याकडे. त्याचं तोंड उतरलं.

हौसाबाईंनीच दंड पुढे केला. “टोचा. मला परत ती हुडहुडी नगं.”

त्यानं नळी होती तशी राहू दिली. दंडाला पट्टा बांधला. सुई टोचली, आणि शीर हुकली.

“आई गंऽऽ! मुडदा बशिवला तुजा!”

“माफ करा, मावशी.”

“माफ काय करू? रगत घे!”

सगळा वॉर्ड हसला. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना तर टाके दुखेपर्यंत हसू आलं.

मग शीर सापडली. रक्त मिळालं. सुई काढताना त्यातला एक थेंब आल्हादच्या पांढऱ्या हातमोज्यावर सांडला. त्याच्या कपाळावर घाम होता, डोळे भरून आले होते.

“बाई... पुन्हा धुऊन येऊ?”

मोठ्या बाईंनी त्या लाल थेंबाकडे पाहिलं, मग बंदच राहिलेल्या नळीकडे.

“आता हात स्वच्छ आहेत.”