बरणीतलं पान आणि भिंतीवरची ओळ

ऐका. गोष्ट फार जुनी, इतकी जुनी की तिथल्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात एक औषधशाळा होती. शंभरेक बरण्या, आणि प्रत्येकीत एक ताडपत्र. आत काय आहे, कुणाला द्यायचं, किती द्यायचं, सगळं त्यावर लिहिलेलं. अक्षर किचकट, भाषा त्याहून किचकट. रोगी आला की भांडारी बरणी उघडणार, पान काढणार, डोळे बारीक करून शेवटपर्यंत वाचणार, मगच पुडी बांधणार. तोवर बाहेर माणसं कण्हत बसायची.

भांडारी काही वाईट नव्हता हो. त्याला ते कण्हणं ऐकवेना. एकदा बसून त्याने सगळी पानं वाचून काढली आणि प्रत्येकाचं सार एकेका ओळीत गेरूने भिंतीवर लिहिलं. आता वर पाहायचं नि पुडी बांधायची. लोकांनी त्याला अगदी डोक्यावर घेतलं.

डोंगरातून मुळ्या आणणारा माणूस त्याचा जिवलग मित्र. नवा माल भरला की तो पान नवं लिहायचा आणि बरणीच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा. दोरा बदललेला दिसला की भांडारी पान पुन्हा वाचून भिंतीवरची ओळ सुधारायचा. दोन वर्षं त्याने हे इमानेइतबारे केलं. मग वाटलं, रोज उठून दोरे काय बघायचे? ओळ कधी चुकली आहे का? चांगली सवय सुटायला काय लागतं!

एकदा हाच मित्र तापाने फणफणला. शुद्ध हरपली. त्याची बायको धावत औषधशाळेत आली. भांडाऱ्याने वर पाहिलं आणि तापावरच्या मुळीची, ओळीत होती तशी दोन चिमटी पूड बांधून दिली. इतक्यात झालंसुद्धा, म्हणून ती बिचारी त्याला दुवा देत घरी गेली.

ताप उतरला. पण मित्राचे डोळे गेले, ते कायमचे.

तेव्हा कुठे भांडाऱ्याने त्या बरणीतलं पान काढून वाचलं. दोरा नवा होता. पान मित्राच्याच अक्षरात होतं: यंदाची मुळी पलीकडच्या कड्यावरची, फार जहाल, अर्ध्या चिमटीच्या वर देऊ नये.

तो मित्राच्या उशाशी जाऊन बसला. मित्राने आवाजावरून ओळखलं.

"मी पान लिहिलं होतं ना?"

"हो."

"दोराही बदलला होता."

"हो रे."

मित्र म्हणाला, "तुला वाचायला वेळ लागला असता, तर मी थांबलो असतो."

त्या दिवसापासून भांडारी रोज सकाळी एकेका बरणीचा दोरा पाहू लागला. पण डोंगरातून ती मुळी आणणारा पुन्हा कुणी मिळाला नाही, आणि पुढे किती तरी रोगी त्या मुळीवाचून गेले.

तात्पर्य: टिपण करून काम झटपट उरकावं, त्यात गैर काही नाही, पण ज्यावरून टिपण केलं ते बदललं का, हे बघायला कधी विसरू नये.