एकट्या पडलेल्या यंत्राने काय करावे

एका रक्तपेढी संस्थेत एक वृद्ध संगणकतज्ज्ञ होते. सगळे त्यांना आठल्ये सर म्हणत. संस्थेच्या शाखा तीन : सातारा, कराड आणि घाटाखाली चिपळूण. कोणत्या गटाच्या रक्ताची पिशवी कुठे शिल्लक आहे, ही माहिती तिन्ही गावच्या सर्व्हरवर सारखीच असे. एका ठिकाणी पिशवी राखून ठेवली की बाकीच्या दोघांना तत्क्षणी कळे. अशा एकमेकांशी बोलत राहणाऱ्या सर्व्हरच्या समूहाला क्लस्टर म्हणतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला नोड.

चिपळूणचा नोड सरांच्या एका शिष्याच्या हाती होता. त्याचे नाव यशोधन. तो आधी कराडला होता. तिथली मंडळी दुपारी डबे उघडून एकत्र बसत. बदली झाल्यावर काही आठवडे त्याने त्यांच्या फोनची वाट पाहिली. कुणाचाच आला नाही. ‘विसरले आपल्याला,’ असे त्याने मनाशी ठरवून टाकले आणि स्वतःहून फोन करायचाही सोडला. खाणावळीत तो भिंतीकडे तोंड करून जेवत असे. सुट्टीच्या दिवशीही येऊन सर्व्हरच्या खोलीत बसे. तिथे निदान पंख्यांचा आवाज तरी असायचा.

सर पाहणीसाठी आले तेव्हा त्यांनी नोडची मांडणी, म्हणजे त्याने कधी काय करायचे याच्या सूचना, वाचून काढली. यशोधनने तिच्यात एक सूचना घातली होती : इतर दोघांशी संपर्क तुटला तरी हा नोड थांबणार नाही, स्वतःच्या अधिकारात पिशव्या राखून ठेवत राहील. सरांनी ती सूचना खोडली आणि उलट लिहिली. संपर्क तुटला, तर या नोडने कोणतीही नवी नोंद स्वीकारू नये.

“सर, यंत्र धडधाकट असताना त्याला गप्प बसवायचं?”

“हो.”

“आणि बाकीचे दोघे खरोखरच बंद पडले असतील तर?”

सरांनी नवी सूचना जतन केली आणि पडदा बंद केला. यशोधनला ते फार लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सर अजून चिपळूणलाच असताना, घाटात रस्त्याचे काम करताना एका जेसीबीने केबल तोडली. चिपळूणचा नोड एकटा पडला आणि सरांच्या सूचनेप्रमाणे गप्प झाला. नेमका त्याच वेळी एक माणूस धापा टाकत खिडकीशी आला. त्याच्या बायकोचे संध्याकाळी सिझेरियन होते, आणि बी निगेटिव्ह रक्त हाताशी असल्याशिवाय डॉक्टर तिला आत घ्यायला तयार नव्हते.

यशोधनने पडद्यावर पाहिले. कराडला बी निगेटिव्हची एक पिशवी होती. पण राखून ठेवायला गेला, की यंत्र नकार देई.

“सर, पिशवी समोर दिसतेय! तुमची सूचना काढतो मी. त्यांना सांगून टाकतो, रक्त मिळालं म्हणून.”

“थांब. आधी कराडला फोन लाव.”

यशोधनचा हात खिशाशी अडला. “ते... ते उचलणार नाहीत सर.”

“लाव तर खरं.”

पहिल्याच घंटेला कराडच्या तबस्सुमने फोन उचलला. “यशोधन! अरे, आहेस कुठे? तुमचा नोड दिसेनासा झालाय. बी निगेटिव्ह? ती पिशवी आत्ताच इथल्या एका अपघाताच्या पेशंटला दिली. पण साताऱ्याला एक आहे, ती राखून ठेवते. गाडीही निघेल लगेच. त्यांना म्हणावं, घाबरू नका.”

यशोधनने खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला साताऱ्याहून रक्त येत असल्याचे सांगितले. मघाशी त्याने शब्द दिला असता, तर तिथे नसलेल्या रक्ताच्या भरवशावर एक बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली असती.

सर त्याच्या शेजारी येऊन हळू आवाजात म्हणाले, “कुणाचाच आवाज येईनासा झाला, की यंत्राला वाटतं, बाकीचे गेले. पण बाकीचे गेले की आपणच तुटलो, हे एकट्याला आतून कधीच कळत नाही. दोन्ही वेळी ऐकू येते ती शांतता एकसारखीच असते. तुझ्या नोडमधली माहिती कधीकाळी खरी होतीच, पण ती केबल तुटण्याआधीची. अशा वेळी यंत्राला मी गप्प राहायला सांगतो, कारण बिचारं उठून विचारायला जाऊ शकत नाही. माणसाचं तसं नाही.”

फोन अजून चालूच होता. पलीकडून तबस्सुम विचारत होती, “ऐकतोयस ना? बदली झाल्यापासून गायबच झालास. आम्हाला वाटलं, तुला आता आमच्याशी बोलायचंच नाही. जेवलास का?”

यशोधनने फोन कानाशी घट्ट धरला.

“नाही अजून,” तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.