वाऱ्याचा आडोसा

“वारा सुटला होता, तर माझ्या दादाला वर कशाला चढवला?”

एकदा एका पठारावर एक तरुण भेटेल त्याला हा प्रश्न विचारीत हिंडत असे. त्याचे नाव बिरू. थोरला भाऊ म्हाळू पवनचक्कीच्या दुरुस्तीला वर चढला आणि वाऱ्याच्या झोताने खाली पडून गेला. ठेकेदाराने मान फिरवली, कंपनीचा साहेब बदलून गेला. प्रश्न तसाच राहिला. तेव्हापासून बिरूचा पाय एका जागी ठरत नसे. जेवता जेवता तो उठे आणि टेकाडावर जाऊन फिरत्या पात्यांकडे दगड भिरकावी.

अशात एक वृद्ध गुरुजी भूगोलाचे विद्यार्थी घेऊन पठारावर आले. आणखी पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तर लोकांना त्या हव्यात की नकोत, हे घरोघरी विचारायचे होते. वस्ती विखुरलेली, कुत्री अंगावर येणारी. ती बिरूला ओळखत, म्हणून त्यालाच वाटाड्या घेतले.

बिरूने निघतानाच बजावले, “पहिलं आमचं घर. आमचं ‘नको’ लिवा. वैनीला इचारायचं काम न्हाई.”

म्हाळूची बायको दारात उभी होती. ती मान खाली घालून आत गेली.

मग बिरू पुढे आणि मुले मागे. प्रत्येक अंगणात तो कुत्रे आवरी आणि तिथेच, दारासमोर, उभा राही. मुले विचारीत. घरचा माणूस एकदा बिरूकडे बघे आणि म्हणे, “नको.” ज्या म्हातारीचा नातू पवनचक्कीवरच पहारेकरी होता, तीही म्हणाली, “नको रं बाबांनो.” बिरूच्या छातीत प्रत्येक ‘नको’सरशी काहीतरी निवत होते आणि लगेच पुन्हा पेटत होते.

दुपारी एक विद्यार्थिनी आनंदाने म्हणाली, “सर, एकसुद्धा ‘हो’ नाही! इतका स्पष्ट निष्कर्ष कुणालाच मिळाला नसेल.”

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून लाल चिंधी काढली, काठीला बांधली आणि बिरूला म्हणाले, “वाऱ्याकडे तोंड करून उभा राहा.” तो राहिला. गुरुजींनी त्याच्या पाठीमागे, अगदी जवळ, काठी धरली. चिंधी लोंबत राहिली.

“मुलांनो, लिहून घ्या. पठारावर वारा नाही.”

मुले खुदकन हसली. बिरू गर्रकन वळला. “थट्टा करताय व्हय माझी? ह्या वाऱ्यानं माझा दादा खाल्ला, आन् तुमी म्हंता वारा न्हाई?”

“रागावू नकोस. जरा बाजूला सरक.”

तो सरकला. चिंधी फडफडू लागली.

गुरुजी म्हणाले, “वारा होताच, मध्ये तू होतास. तुमच्या पठाराची रीत तू पुढे गेल्यावर त्या पहारेकऱ्याच्या आजीने मला सांगितली. ज्या घरात माणूस गेले, त्या घरच्यांचा शब्द वर्षश्राद्ध होईपर्यंत कुणी खाली पडू देत नाही. तुझ्या दुःखापुढे ही माणसे मान लववतात. हे त्यांचे भलेपण. पण लववलेली मान म्हणजे उत्तर नव्हे. कदाचित खरोखरच त्यांना चक्क्या नको असतील. पण ते त्यांच्या तोंडून यायला हवे.”

“मग माझ्या प्रश्नाचं काय, गुर्जी?”

“तो खरा आहे. त्याचे उत्तर मला ठाऊक नाही. ज्यांनी त्याला वर चढवले, त्यांच्याकडे ते मागत राहा. मी तुझ्याबरोबर येईन. पण या घरांकडून ते वसूल करू नकोस. त्यांनी त्याला चढवले नव्हते.”

बिरूने पायाखालचा दगड उचलला. बराच वेळ हातात धरला आणि न फेकताच खाली ठेवला.

मग मुले पुन्हा घरोघरी निघाली. कुत्रे धरून बिरू प्रत्येक वेळी दूर बांधापलीकडे जाऊन बसे. आता एकेका दारात वेळ लागू लागला. कुणी हातवारे करीत होते, कुणी भांडत होते. बिरूची चुळबुळ काही थांबेना. पण तो उठला नाही.

उन्हे कलली, तेव्हा त्याचे स्वतःचे घर उरले. तो दारात गेला.

“वैनी, ही पोरं इचारतील. तुझ्या मनातलं सांग.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “आन् तुला राग आला म्हंजी?”

“येऊ दे. मी न्हाई हितं.”

घरचे कुत्रे बरोबर घेऊन तो टेकाडावर चढला, थेट म्हाळू पडला त्या चक्कीच्या पायथ्याशी. तिथे पात्यांच्या घरघरीत खालचा शब्द पोचत नाही. अंगणात मुले बसली होती. वैनी आधी पदराशी चाळा करीत होती. मग तिने मान वर केली आणि ती बोलू लागली. म्हाळू गेल्यापासून इतके बोलताना बिरूने तिला पाहिले नव्हते.

परकी माणसे पाहून कुत्रे घराकडे ओढ घेऊ लागले. बिरूने त्याचा पट्टा घट्ट धरला आणि तिचे बोलणे संपेपर्यंत सोडला नाही.